दाखला, उतारा आणि पोच

चि. वैशाली,

ग्रामपंचायतीत माणूस बहुधा कागदासाठीच जातो. जन्म, मृत्यू आणि विवाहाच्या नोंदीचे दाखले, घराचा नमुना 8 चा उतारा, येणे बाकी नसल्याचा दाखला, दारिद्र्यरेषेखालील किंवा निराधार असल्याचा दाखला हे कागद महाराष्ट्रात तिथेच मिळतात. पाणी, दिवाबत्ती, गटारे, साफसफाई ही पंचायतीची रोजची कामे. घरपट्टी आणि पाणीपट्टी त्यासाठीच भरायची.

हेलपाटे पडतात ते मुख्यतः दोन सारख्या नावांमुळे. नमुना 8 म्हणजे गावातल्या घरांच्या कर आकारणीची नोंदवही. ती ग्रामपंचायतीकडे असते. 8-अ हा मात्र शेतजमिनीच्या खात्याचा उतारा. तो आणि सातबारा तलाठ्याकडचे, म्हणजे महसूल खात्याचे. ग्रामसेवक आणि तलाठी एकाच इमारतीत बसत असले, तरी एकाचा कागद दुसरा देऊ शकत नाही. शिवाय नमुना 8 वर नाव लागले म्हणून घराची मालकी सिद्ध होत नाही; कर कोणाकडून घ्यायचा, एवढेच त्यातून कळते. हे वेळेवर न समजल्यामुळे वाटणीच्या वेळी सख्ख्या भावांत वैर येते, याचे फार वाईट वाटते.

जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. पहिले बाळंतपण माहेरच्या तालुक्याच्या दवाखान्यात झाले, तर नोंद तिथल्या नगरपालिकेत असते. सासरच्या ग्रामपंचायतीत शोधून ती सापडणार नाही. दवाखान्यातला जन्म दवाखानाच कळवतो, घरी झालेला जन्म कुटुंबप्रमुखाने कळवायचा. मुदत 21 दिवसांची. 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्कावर भागते, पुढे वरिष्ठांची परवानगी लागते आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून सरकारी नोकरीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचाच दाखला लागणार आहे. त्यामुळे घरी बाळ जन्मले की बारशाची तयारी सुरू असतानाच नोंदीचे काम उरकलेले बरे.

दाखला कधी मिळणार, हे कोणाच्या मर्जीवर नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार प्रत्येक सेवा, तिची मुदत, शुल्क, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील अधिकारी यांची माहिती कार्यालयातल्या फलकावर लावावी लागते. अर्ज दिल्यावर तारीख आणि क्रमांक असलेली पोच मिळायला हवी. सगळ्यात मोलाचा कागद हाच, कारण मुदत मोजायची ती त्यावरून. अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यावे लागते. मुदतीत दाखला मिळाला नाही किंवा अर्ज फेटाळला गेला, तर 30 दिवसांत पहिले अपील करता येते, मग दुसरे, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. ‘आपले सरकार’ पोर्टलवरून केलेल्या अर्जालाही क्रमांक मिळतो. तो वहीत टिपून ठेवावा.

हे झाले कागदांचे; गावाचा पैसा कशावर खर्च झाला आणि योजनेत कोणाची नावे घेतली, हे ग्रामसभेत विचारायचे. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. नळाचे पाणी किती वाजता येते, हे बायकांनाच नेमके ठाऊक असते. त्यांनी ते त्या सभेत बोलून ठरावात लिहून घ्यावे.

तुझी मावशी