गोधडी आधी, माईक नंतर

"घरी गाणं रेकॉर्ड करायचंय, पाचशे दिरहाममध्ये कुठला माईक घेऊ?" हा प्रश्न इथल्या मराठी मंडळींकडून वर्षातून दोन-तीनदा तरी येतोच. गणपती जवळ आले की जरा जास्तच. माझं उत्तर ठरलेलं आहे: माईक शेवटी घे, आधी खोलीचं बघ. यावर समोरचा खट्टू होतो. माईक विकत घेण्यात मजा असते, ब्लँकेट टांगण्यात कसली आलीय!

पण इथल्या खोल्या बघा ना. आमचा शारजातला फ्लॅट घ्या. खाली टाइल्स, गुळगुळीत रंगवलेल्या भिंती, एका बाजूला मोठी काच. टाळी वाजवली की तीच टाळी परत भेटायला येते. अशा खोलीत दोन हजारांचा माईक लावला तर तो ती टाळी आणखी बारकाईने ऐकवेल, एवढंच.

यंदा हे सगळं करायची वेळ माझ्यावरच आली. आई साठ दिवसांच्या व्हिसावर आमच्याकडे आलीय. बहात्तर वर्षांची आहे, माहेर कराडकडचं. तिला जात्यावरच्या ओव्या येतात, साठेक तरी. घराण्यात आता त्या येणारी ती एकटीच. आजीच्याही येत होत्या. मामांनी आजीचं फोनवर केलेलं रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे, पण त्यात छताचा पंखा जास्त आणि आजी कमी. ते साफ करायला मी किती रात्री घालवल्या असतील! पंखा आणि आवाज एकमेकांत असे मिसळलेत की पंखा काढला की आजीही जाते. ते तसंच राहणार. आईचं तसं व्हायला नको होतं.

तर खोली. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं काहीच कळेना, म्हणून वॉलेस सेबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. या गृहस्थाने जवळच्या सँडर्स थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, एकेक वाढवत आवाज किती वेळ घुमतो ते मोजायचं आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवायच्या. त्यातून निघालेलं सूत्र आजही चालतं: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण. आमची बेडरूम साधारण ३९ घनमीटर. रिकामी असताना हिशोबाने पावणेदोन सेकंद घुमते. दोन जाड डबल ब्लँकेटं भिंतीपासून वीतभर सोडून टांगली की पाऊण सेकंदाच्या आत येते. ब्लँकेटं घरातलीच होती. कपड्यांचं कपाट सताड उघडं ठेवलं, तेही आवाज खातं. आईने आणलेली गोधडी तिच्या पाठीमागे लावली, कारण माईक समोरून ऐकतो आणि गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत त्याच्या बरोबर समोर असते.

आईने सगळा थाट बघितला आणि म्हणाली, "अरे, एवढं झाकून घेतलंयस, घरात कोण बाळंतीण आहे का?"

मग एसी. उन्हाळ्यात इथे एसी बंद करणं म्हणजे तपश्चर्याच, पण त्याची घरघर थेट आवाजात शिरते. फ्रिजही बंद करायचा (आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे तो पुन्हा चालू करायचं विसरता येत नाही). आम्ही वेळ निवडली पहाटेची. अजान होऊन गेली की रस्त्यावर रहदारी सुरू व्हायला तासभर असतो. मी आपला डेसिबल मोजून ही वेळ काढली होती. आई म्हणाली, "दळायला तेव्हाच उठायचो की आम्ही."

माईक शेवटी घेतला. सेकंडहँड, साधा डायनॅमिक, १९६६ पासून निघणाऱ्या शूअर एसएम ५८ च्या जातीचा, आणि एक छोटा यूएसबी इंटरफेस. दोन्ही मिळून चारशेच्या आत. कंडेन्सर मुद्दाम घेतला नाही. तो नाजूक आवाज छान पकडतो, पण शेजारच्यांचा मिक्सरही तितकाच छान पकडतो. डायनॅमिक जवळ ठेवावा लागतो आणि आपल्याला तेच हवं असतं. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज सहा डेसिबलने उतरतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. एक वीत अंतर, ओठांच्या जरा वर, थोडा तिरका. पुढे भरतकामाच्या रिंगवर ताणलेला जुना पातळ मोजा, म्हणजे 'प' आणि 'फ' चे फटके लागत नाहीत.

एवढं करून आईला गाता येईना! दोन ओळी म्हणायची आणि अडायची. ओवी हाताबरोबर येते, हात थांबला की शब्दही थांबतात. शेवटी बायकोने युक्ती काढली. मांडीवर उशी, उशीवर चादरीची घडी आणि त्यावर पालथी वाटी. ती गोल फिरवायला लागल्यावर आई सुटली. आता ती पुढेमागे झुलते, त्यामुळे आवाज कमीजास्त होतो. म्हणून माईक आणखी चार बोटं मागे घेतला आणि वरची पातळी उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील असं बघितलं. जवळ आल्यावर खर्ज वाढतो, तो मी तसाच ठेवला. जात्यावर बसलेली बाई झुलतेच.

साफसफाईबद्दल माझं मत जरा कडक आहे. ऑडॅसिटी फुकट आहे आणि पुरेसं आहे. सुरुवातीला दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं, त्या शांततेचा नमुना देऊन खरखर सहा डेसिबल कमी करायची, ऐंशी हर्ट्झखालचं कापायचं आणि तिथे थांबायचं. जास्त घासलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो, शिवाय श्वासही पुसले जातात. आईचा श्वास आता तिसऱ्या ओळीला अपुरा पडतो. तो ऐकू यायला हवा. बांगड्याही राहू दिल्या. मूळ वेव्ह फाईलला हात लावायचा नाही, जे काय करायचं ते प्रतीवर.

एक गोष्ट मात्र उचलली आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांच्याकडे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव असतं. म्हणून प्रत्येक ओवीआधी मी आईला विचारतो, ही कोणाकडून आली? तिचं उत्तर ओवीपेक्षा लांब होतं, पण मी रेकॉर्डिंग थांबवत नाही. त्यातून आजीच्या एका मैत्रिणीचं नाव कळलं, जे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

आत्तापर्यंत एकतीस झाल्या. व्हिसाचे एकोणीस दिवस उरलेत. सासूबद्दलच्या सहा-सात ओव्या आई माझ्यासमोर म्हणत नाही. त्या सुनेसमोर म्हणेन म्हणते, म्हणून सध्या बायकोला लेव्हल बघायला शिकवतोय.