पिवळं झालं का?

पहिले दोन गोल्डफिश मी आणले त्या दिवशी पूर्वपरीक्षेचा निकाल लागला होता. निकालाची पीडीएफ मोबाइलवर उघडायची, सर्चमध्ये आपला नंबर टाकायचा आणि वाट बघायची. काहीच सापडलं नाही. चौथ्यांदा. मी अभ्यासिकेतली वही-बाटली उचलली आणि पेठेतून नुसती चालत सुटले. एका दुकानाबाहेर पाण्याच्या पिशव्यांमध्ये मासे टांगले होते. दोन मासे, काचेचा बाऊल, निळे खडे आणि खाण्याची डबी, सगळं मिळून साडेतीनशे रुपये. दुकानदार म्हणाला, "काही करावं लागत नाही ताई. चिमूटभर खाणं, आठवड्याला पाणी बदली."

काही करावं लागत नाही, हे त्या दिवशी ऐकायला फार बरं वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी एक मासा पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडाची उघडझाप करत होता. मला वाटलं, भूक लागली असेल. मी आणखी एक चिमूट टाकली. संध्याकाळी तो आडवा झाला. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "पाणी घाण झालं असेल, सगळं बदला." मग मी उरलेल्या माशाला वाटीत काढलं, बाऊल घासला, खडे भांडी धुवायच्या साबणाने धुतले, नळाचं ताजं पाणी भरलं आणि त्याला आत सोडलं. जुलै होता. आमच्या भागात त्या दिवसांत नळ सोडला की स्विमिंग पूलसारखा वास यायचा. तासाभरात दुसराही गेला.

रोज रात्री नऊला अप्पांचा फोन येतो. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. अप्पा तिथे ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यावर सव्वीस वर्षं होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "अभ्यास झाला का?" त्या रात्री मी त्यांना निकाल सांगितला नाही. पण काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मासे मेल्याचं सांगितलं.

"पानी कुठलं घातलंस?"

"नळाचं."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "आगं, मी सव्वीस वर्सं पान्यात औषध टाकलं ते कशापायी? जंतू मरावं म्हनून. मासा काय दगडाचा हाय व्हय?"

हे मला सुचायला हवं होतं. माझं लहानपण त्या वासात गेलंय. अप्पा पहाटे बादलीत टीसीएल पावडर कालवायचे, चुन्याचा गाळ खाली बसू द्यायचे आणि वरची निवळ पाण्याच्या टाकीत ओतायचे. मग सायकलवरून गावाच्या शेवटच्या घरापर्यंत जायचे. तिथल्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे आणि बघायचं. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत पोचलं. नाही झालं, तर परत टाकीवर. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं, हा आकडा मला पाढ्यांच्या आधी पाठ होता. एका पावसाळ्यात गावात गॅस्ट्रोची साथ आली, तेव्हा अप्पा आठ दिवस टाकीवरच झोपायला होते. घरी यायचे ते डबा न्यायला आणि आईला विचारायला, "आपल्या नळाला पिवळं झालं का?"

आपल्याला जिवंत ठेवणारं तेवढं क्लोरीनही माशाच्या कल्ल्यांना सोसत नाही. पाणी बादलीत उघडं ठेवून चोवीस तास जाऊ दिले की ते उडून जातं. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे थेंब मिळतात, पाच मिनिटांत काम होतं. चाळीस रुपयांची बाटली. ती दुकानदाराने बाऊलसोबत का दिली नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

पण क्लोरीनने दुसरा मासा मारला. पहिला कशाने मेला? त्याच्या पाण्यातलं क्लोरीन दुकानातल्या हवेतच उडून गेलेलं होतं.

रात्री ते शोधत बसले. रात्र मोकळीच होती. निकालानंतर दुसऱ्या आठवड्यात मी एका कंपनीच्या चॅट सपोर्टला नोकरी धरली होती, रात्री दहा ते सकाळी सात. नऊचा फोन झाला की हेडफोन लावायचा. ग्राहकांच्या दोन तक्रारींच्या मधल्या वेळात मी माशांबद्दल वाचायचे. अप्पा महिन्याच्या एक तारखेला मेस आणि अभ्यासिकेसाठी चार हजार पाठवायचे. ते मी खर्चही करत नव्हते आणि नको असंही सांगत नव्हते.

तर, मासा पाण्यातच खातो, पाण्यातच श्वास घेतो आणि पाण्यातच घाण करतो. ही घाण म्हणजे मुख्यतः अमोनिया, आणि तो बराचसा कल्ल्यांवाटेच बाहेर पडतो. उरलेलं खाणं कुजतं, त्याचाही अमोनिया. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असतं. नदीत किंवा तळ्यात काही जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच, माशाचं रक्त प्राणवायू वाहू शकत नाही आणि तपकिरी होतं. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंचसं निरुपद्रवी, पाणवनस्पती ते खाऊन टाकतात. नव्या टाकीत हे जिवाणू नसतातच. ते हळूहळू वाढतात, चार ते सहा आठवडे घेतात, आणि राहतात कुठे तर फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर. म्हणजे मी साबणाने जे घासलं, तेच.

आणि बाऊल! पाच लिटर पाण्यात दोन गोल्डफिश. हा मासा वीतभर वाढतो, नीट ठेवला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. त्याला बाऊलमध्ये ठेवणं म्हणजे माणसाला कायमचं लिफ्टमध्ये ठेवणं. फायटर माशाला फुलदाणीत ठेवतात तेही तसंच. तो वरची हवा घेऊ शकतो म्हणून मरायला वेळ लागतो, इतकंच. माझं चाललं तर मी बाऊल विकायलाच बंदी घालेन.

पहिल्या पगारात मी दोन फुटांची टाकी घेतली. दोन बाय एक बाय एक, काठोकाठ भरली तर छप्पन लिटर. स्पंज फिल्टर, पंप, थोडं जावा मॉस आणि अमोनिया-नायट्राइट तपासायचं किट. मासे नाहीत. त्या रिकाम्या टाकीत मी रोज चिमूटभर खाणं टाकायचे, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळेल. रूममेट म्हणाली, "तू नसलेल्या माशांना जेवायला घालतेस." तिला काय सांगणार.

अमोनियाच्या किटमध्येही काचेची नळी आणि थेंबच असतात. अमोनिया असेल तर पाणी हिरवं होतं. नसेल तर पिवळं. हे मी अप्पांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना खोकला लागला. तेव्हापासून नऊचा प्रश्न बदलला. "पिवळं झालं का?"

अकराव्या दिवशी गडद हिरवं. विसाव्या दिवशी हिरवं फिकं झालं, पण नायट्राइटची नळी जांभळी. मी वैतागले. अप्पा म्हणाले, "हात लावू नगंस. टाकी लागायला येळ घेती." एकदा दुपारी चार तास लाइट गेली, तेव्हा कपाने पाणी वर-खाली करत बसले, कारण त्या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. अडतिसाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. मी रात्री नऊची वाट न बघता दुपारीच फोन केला.

गणपतीच्या आधीच्या रविवारी अप्पा न सांगता आले. एसटीने, मांडीवर पाच लिटरचा कॅन घेऊन, झाकणाला भोकं पाडलेली. आत दहा गप्पी. आमच्याकडे आरोग्य केंद्राच्या मागच्या हौदात डासांच्या अळ्या खायला गप्पी पाळतात. तिथून ओळखीने आणले होते. मी त्यांना कॅनमधून पिशवीत घेतलं आणि पिशवी टाकीत तरंगत ठेवली, पाण्याचं तापमान सारखं व्हावं म्हणून. मधून मधून टाकीतलं कपभर पाणी तिच्यात घालायचं. अप्पा खुर्चीवर बसून बघत होते. मग त्यांनी पिशवीतून आपली जुनी ओटीची पेटी काढली. टाकीतलं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले, खिडकीकडे धरलं.

"पांढरंच हाय," म्हणाले. मग बेसिनच्या नळाचं पाणी दुसऱ्या नळीत घेतलं. ते पिवळं झालं. दोन्ही नळ्या हातात धरून ते बराच वेळ उभे राहिले.

खिडकीच्या खिळ्याला माझं कंपनीचं ओळखपत्र अडकवलेलं होतं. काढून ठेवायचं राहिलं होतं. कॉटखाली पुस्तकांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा होता.

"ही नोकरी कवापास्नं?"

"जुलैपासून."

"म्हंजी तुझं मासं मेलं तवापास्नं."

"हो."

"आन मी पाठीवलेलं पैसं?"

"खात्यात आहेत. तसेच."

त्यांनी नळ्या बेसिनमध्ये धुतल्या, पुसल्या, पेटीत ठेवल्या. पेटीची कडी लागत नव्हती, ती दोनदा दाबली. मला वाटलं आता बोलतील. पंप बुडबुड करत होता.

"सोड आता त्यांस्नी," ते म्हणाले. "किती येळ पिशवीत ठिवनार."

मी जाळीने एकेक गप्पी टाकीत सोडला. पिशवीतलं पाणी बाहेर टाकलं, ते टाकीत जाऊ द्यायचं नसतं. चारच्या एसटीने अप्पा परत गेले. त्या रात्री नऊला फोन आला नाही. दुसऱ्याही रात्री नाही. तिसऱ्या रात्री आला. "खाल्लं का त्यांनी?" एवढंच विचारलं.

एक तारखेला चार हजार आले नाहीत. मी पगारातून तेवढेच त्यांना पाठवले, सोबत खात्यातले जुनेही. पोचले का, हे ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. आता दर रविवारी मी टाकीतलं पाव पाणी बदलते, स्पंज फक्त टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळते, आणि ते पाणी गॅलरीतल्या तुळशीला घालते. तुळस कधी नव्हे इतकी माजली आहे.

परवा सकाळी शिफ्ट संपवून उठले तर जावा मॉसमध्ये ठिपक्याएवढी पिल्लं. गप्पी अंडी घालत नाही, पोहणारी पिल्लंच होतात. मी सतरा मोजली. रात्री नऊला सांगितलं.

"सतरा?"

"आता बहुतेक चौदा."

"मोठी खात्यात त्यांस्नी. झाडपाला वाढीव जरा," अप्पा म्हणाले. "आन उद्या परत मोज."