एकाच गाडीचे दोन फोटो

माझ्या कपाटात एकाच गाडीचे दोन फोटो ठेवलेले आहेत. पहिला फोटो पाहून आम्ही ती गाडी घेतली आणि दुसरा फोटो दाखवून ती विकली. पहिल्या फोटोत गाडी नव्या नवरीसारखी दिसते. दुसऱ्यात तिच्या डाव्या अंगावरचा पोचा स्पष्ट दिसतो. मी पेशाने कारकून, शिक्षणाने बी. कॉम. नुसत्या जमाखर्चाने पाहिले तर दुसरा फोटो आमच्या तोट्याचा. तरीही घरी आलेल्या माणसाला मी तोच काढून दाखवतो. का, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

माझा भाचा काही वर्षे चंद्रपूर-मूल-सावली-गडचिरोली या मार्गावर दुसऱ्याची गाडी चालवत होता. सुमारे ८० किलोमीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना जंगल आणि शेवटी वैनगंगेचा पूल. दिवसभर राबून हातात येई ते मालकाने दिलेले. आपली स्वतःची गाडी असावी, असे त्याला वाटू लागले तर त्यात गैर काय? ताईने बचत गटातून कर्ज काढले, गळ्यातली पोत मोडली. मी पतसंस्थेचे कर्ज घेतले. एवढ्यात नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडून भाच्याच्या मोबाईलवर फोटो आला. मरून रंगाची, सात आसनांची, पिवळ्या पाटीची गाडी. समोरून लख्ख फ्लॅश मारलेला. बॉनेटवर एक चकाकता तारा. भाचा त्या फोटोच्या प्रेमातच पडला.

आम्ही पाहायला गेलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. शेडमध्ये एकच ट्यूबलाईट लुकलुकत होती. खरे सांगायचे तर आम्ही गाडी पाहिलीच नाही, मनात बसलेला फोटो पाहिला आणि २,८५,००० रुपये मोजून आलो.

तीन महिन्यांतच पुढचे टायर एका बाजूने घासले. मेकॅनिकने गाडीखाली जाऊन पाहिले आणि काही न बोलता खिशातून चुंबक काढला. उजव्या दारावर तो टपकन चिकटला. डाव्या दारावर लावला, तर घसरून खाली पडला. "साहेब, इथं पत्रा कमी आन् पुट्टी जास्त आहे. ही गाडी ठोकलेली आहे," तो म्हणाला. भाचा बराच वेळ त्या दारावरून हात फिरवत उभा होता.

तशीच दोन वर्षे गाडी चालवली. पावसाळ्यात पुट्टीला भेगा पडल्या, खालून गंज वर आला. कमाई टायरात आणि दुरुस्तीत जाऊ लागली. शेवटी ठरले की गाडी विकायची आणि ऑटोरिक्षा घ्यायची. तेव्हा ओळखीच्या एकाने सल्ला दिला, "तुम्हाला पाठवला होता तसाच फोटो काढा. समोरून फ्लॅश मारा. २,४०,००० कुठे गेले नाहीत." बचत गटाचे ७०,००० अजून फिटायचे होते. भाचा माझ्याकडे पाहू लागला, कारण घरात कॅमेरा माझ्याकडेच. सभा, लग्ने, दीक्षाभूमीवरचा १५-१६ ऑक्टोबरचा समारंभ, असे फोटो मी हौसेने काढत आलो आहे. वाचकहो, खोटे कशाला बोलू? माझेही मन डळमळले.

ताई तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "त्यानं आपल्याले फसवलं. आता आपन कोनाले फसवाचं? घ्याले येईन तोबी कोनाच्या मायची पोत मोडूनच येईन ना." एवढे बोलून तिने पुन्हा खडे वेचायला सुरुवात केली.

त्यानंतर प्रश्न उरला तो एवढाच की खरा फोटो कसा काढायचा? तुम्हाला वाटेल, त्यात काय मोठे! मी दोन दिवस प्रयत्न केला. दुपारी काढला तर दारावर समोरच्या घराचे, विजेच्या खांबाचे आणि माझे स्वतःचे प्रतिबिंब. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पत्र्याला हात लावण्याचीही सोय नव्हती. रात्री फ्लॅश मारून काढला, तर व्यापाऱ्याने काढला होता तसाच आला! पोचा गायब. फसवायचे मनात नसतानाही कॅमेरा फसवत होता.

मग मी आमच्या वस्तीजवळच्या फोटोवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी आयुष्यभर लग्नाचे फोटो काढले. त्यांनी कपाटावरचा स्टीलचा डबा माझ्यासमोर ठेवला आणि विचारले, "यात काय दिसते?" मी म्हणालो, "बल्ब आणि खिडकी." ते म्हणाले, "म्हणजे डबा दिसतच नाही, डब्यात जे पडले ते दिसते. गाडीचेही तसेच. गाडीचा रंग म्हणजे आरसा. आरशाचा फोटो काढायचा तर आधी आरशासमोर काय ठेवायचे ते ठरव."

शाळेत आपण शिकलो आहोत की उजेड ज्या कोनात आरशावर पडतो, त्याच कोनात पलीकडे परततो. कॅमेऱ्यावरच फ्लॅश बसवला आणि दार तिरपे असले, तर उजेड दारावर आपटून दुसरीकडेच निघून जातो. दार नुसते एकसारखे गडद दिसते. जो भाग नेमका आपल्याकडे वळलेला असतो, तिथे एक तारा चमकतो आणि पाहणाऱ्याचा डोळा त्या ताऱ्यावर खिळतो. शिवाय समोरच्या उजेडात सावली वस्तूच्या मागे लपते. सावली नाही, तर खड्डा कळणार कसा? आमच्या पहिल्या फोटोतली सगळी जादू एवढीच होती.

नंबरप्लेटची गंमत आणखी वेगळी. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ज्या उच्च सुरक्षा पाट्या आल्या, त्यांचा पृष्ठभाग, तसेच मागचे लाल रिफ्लेक्टर आणि ज्याला आपण रेडियम म्हणतो ती पट्टी, हे सारे आलेला उजेड आला त्याच दिशेने परत पाठवतात. रात्री मूलच्या रस्त्याने जाताना हेडलाईटमध्ये चितळांचे डोळे लुकलुकतात ना? तिथेही परतलेला उजेड दिव्याच्या जवळ बसलेल्या ड्रायव्हरला दिसतो. म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यावर असला की पाटी पांढरीफटक होते आणि आकडे वाचता येत नाहीत. फ्लॅश चार पावले बाजूला नेला की उजेड तिकडेच परततो आणि पाटीवरचे एमएच-३४ शांतपणे वाचता येते.

"उजेड कॅमेऱ्यापासून तोड," हा काकांचा पहिला धडा. हे काही नवे शास्त्र नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन या अभियंत्याने १९३० च्या दशकात विकसित केला. त्याही आधी छायाचित्रकार मॅग्नेशियमची पूड तबकात घेऊन, हात लांब करून जाळत. म्हणजे उजेड बाजूला धरण्याची रीत जुनी आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवण्याची नंतरची. आता रेडिओ ट्रिगरची जोडी मिळते. एक भाग कॅमेऱ्यावर, दुसरा फ्लॅशला. इकडे बटण दाबले की तिकडे फ्लॅश उडतो.

दुसरा धडा, "उजेड मोठा कर." फ्लॅशचे तोंड काडेपेटीएवढे. आरशात ते तेवढेच दिसणार. पण त्याच्यापुढे पांढरी चादर ताणली आणि चादरीवर फ्लॅश मारला, तर सबंध चादर हाच दिवा होतो. तिचे प्रतिबिंब दारावर लांब, मऊ पट्ट्यासारखे पडते. पत्रा सपाट असेल तर पट्ट्याची कड सरळ. पोचा असेल तर तिथे कड वाकते, जशी तळ्यात खडा पडला की झाडाची सावली वाकते. डेंटिंगवाले गाडीवर ट्यूबलाईटचे प्रतिबिंब पाडून पोचे शोधतात, ते याच युक्तीने.

तिसरा धडा गंज आणि भेगांसाठी. तिथे चकाकी नसते, म्हणून चादर उपयोगाची नाही. फ्लॅश अगदी खाली, पत्र्यालगत धरून उजेड घासत न्यायचा. हरवलेली सुई शोधताना आपण बॅटरी जमिनीलगत धरतो तसा. गवंडी भिंतीजवळ दिवा धरून प्लास्टरचा उंचवटा पाहतो तसा.

एका रविवारी संध्याकाळी आम्ही बेत केला. ठिकाण आमचेच अंगण. जंगलाच्या रस्त्यावर फोटो छान येईल, असे भाचा म्हणत होता, पण मी साफ नाही म्हटले. एक तर वाघाचा मुलूख. दुसरे म्हणजे समोरून येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत फ्लॅश गेला तर क्षणभर त्याला काहीच दिसत नाही. ताडोब्यात सफारीला फ्लॅश मारायला मनाई आहे, ती मुक्या जनावरांसाठी. माणसाचा जीवही तेवढाच मोलाचा.

भाच्याने गाडी धुतली. कोळशाच्या गावात धुतलेल्या गाडीवर तासाभरात काळी पूड बसते आणि बाजूच्या उजेडात तिचा कण न् कण दिसतो. म्हणून फोटोच्या ऐनवेळी पुन्हा एकदा ओला फडका. दोन बांबूंना ताईची लग्नातली पांढरी चादर बांधली. एक बांबू ताईने धरला, दुसरा शेजारच्या पोराने. चादरीमागे चार-पाच फुटांवर फ्लॅश घेऊन भाचा. तिपाईवर कॅमेरा. वस्तीतली पोरे भोवती गोळा, जणू सिनेमाचे शूटिंगच!

सूर्य मावळून पंधरा-वीस मिनिटे झाली की आकाश निळे राहते, पण गाडीवर कडक ऊन नसते. काकांनी ही वेळ मुद्दाम सांगितली होती. या वेळी दोन उजेड वेगवेगळे सांभाळता येतात. शटर किती वेळ उघडे, यावर आकाशाचा उजेड ठरतो. फ्लॅशचा उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपून जातो, त्याला शटरच्या वेळेशी देणेघेणे नाही. तो ठरतो भिंगाच्या छिद्रावर आणि अंतरावर. अंतर दुप्पट केले की उजेड निम्मा नव्हे, पाव होतो. आम्ही आयएसओ ४००, छिद्र ५.६ आणि शटर सेकंदाचा तिसावा भाग ठेवले. बऱ्याच कॅमेऱ्यांत दोनशेव्या भागाच्या पलीकडे शटर नेले, तर फोटोत काळा पट्टा येतो. माझे पहिले चार फोटो तसेच वाया गेले होते.

बटण दाबले. पडद्यावर फोटो आला. दाराच्या मधोमध पांढऱ्या पट्ट्याची कड सरळ येता येता एकदम आत वळली होती. पोचा! भाचा म्हणाला, "मामा, हे तर जास्तच दिसते." मी म्हटले, "आहे तेवढेच दिसते." त्यावर तो काही बोलला नाही. पण जागचा हललाही नाही, फ्लॅश धरून उभा राहिला.

उजवी बाजूही काढली, कारण ती खरोखर चांगली होती आणि चांगले दाखवण्यात कसली लाज? आमच्या जंगलात वाघांची मोजणी करताना पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात, एक बाजू पाहून वाघ ओळखता येत नाही. गाडीही एक बाजू पाहून ओळखू नये.

फोटो पाठवले. तिघांनी पाहून परत फोनच केला नाही. त्या आठवड्यात भाचा माझ्याशी नीट बोलत नव्हता. मीही रात्री उठून मनाशी आकडेमोड करत असे. शेवटी चामोर्शीकडून एक तरुण आपल्या वडिलांना घेऊन एसटीने आला. सोबत त्यांचा ओळखीचा मिस्त्री. मिस्त्रीने दार ठोकून पाहिले, खाली वाकून पाहिले आणि म्हणाला, "फोटोत आहे तेवढंच आहे." दुरुस्तीचा खर्च धरून सौदा १,९०,००० ला झाला. ताईने चहा केला. म्हाताऱ्याने नोटा मोजून दिल्या, तेव्हा त्या जुन्या रुमालात बांधलेल्या होत्या. ताईने माझ्याकडे एकदा पाहिले, बस्स.

सल्ला देणाऱ्याच्या हिशेबाने आम्ही ५०,००० गमावले. ते कुठून भरून आले नाहीत. बचत गटाचे हप्ते लांबले, ऑटोरिक्षा सहा महिने उशिरा आली. हे सांगतो, कारण खरे वागले की लगेच बक्षीस मिळते असे कुणाला वाटू नये. पण ऑटो आली त्या संध्याकाळी भाच्याने स्वतःच ताईकडे चादर मागितली आणि मला म्हणाला, "मामा, दोन्ही बाजू काढा."

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरात पहिली गाडी बहुधा जुनीच येते आणि ती हल्ली आधी फोटोत दिसते. म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा. समोरून लख्ख फ्लॅश मारलेल्या एका फोटोवर भाळू नका. दोन्ही बाजूंचे, बाजूच्या उजेडातले फोटो मागा. गाडी दिवसा पाहा, दारावर पडलेल्या विजेच्या तारेचे प्रतिबिंब सरळ आहे की वाकडे, ते बघा. खिशात एक चुंबक ठेवा आणि रंग खराब होऊ नये म्हणून तो पातळ फडक्यात गुंडाळून दारावर लावा. आणि कधी विकायची वेळ आली, तर घेणाऱ्याच्या रुमालातल्या नोटा आधी डोळ्यांपुढे आणा. चादर मग आपोआप योग्य जागी धरली जाते.