मामाची पोरगी चालते, आत्याची नाही!

त्रिकोण म्हणजे पुरुष. गोल म्हणजे बाई. दोघांमध्ये बरोबरचं चिन्ह काढलं की लग्न लागलं, खाली उभी रेघ ओढली की लेकरं झाली, आणि एखाद्या खुणेवर तिरपी काट मारली की ते माणूस गेलं. झालं! एवढ्या सामानावर अख्खी भावकी कागदावर उतरते. हे मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही?

इरावती कर्वे म्हणजे ‘युगान्त’, एवढंच आमचं ज्ञान. ही बाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात बसून, आणि बसून कसली, देशभर हिंडून माणसांची नाती गोळा करत होती, हे कळलं आणि त्यांचं १९५३ सालचं ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ मिळवून वाचायला घेतलं. इंग्रजी जाडजूड, पहिली काही पानं रडतखडत. मग मराठी मुलुखाचा भाग आला आणि अहो, ते आमचंच घर होतं! त्यांचं म्हणणं असं, की इथलं काहीही समजून घ्यायचं तर भाषेचा प्रदेश, जात आणि कुटुंब, या तिन्ही गोष्टी एकदम हातात धराव्या लागतात. उत्तरेत सोयरीक नात्याबाहेर, शक्यतो लांब करायची. दक्षिणेत नात्यातच, काही समाजांत तर सख्ख्या बहिणीची मुलगीही चालते. आणि आपण मधे. दोन्हीकडचं थोडं थोडं घेतलेले.

मग काय, वही घेऊन आजीपुढे बसलो. पहिल्याच त्रिकोणाला गाडी अडली. आजोबांचं नाव आजी घेईना. “तुला ठाऊक न्हाई व्हय? लिही की.” मी म्हटलं, तुझ्याच तोंडून पाहिजे. शेवटी पदर सावरून तिनं उखाणा घेतला, नाव त्यात बसवलं आणि एकदम लाजली. ऐंशी पार केलेली बाई! नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, घ्यायचंच तर यमकाच्या आडून, हे जगभरच्या मानवशास्त्रज्ञांनी अभ्यासलेलं प्रकरण आहे आणि ते आमच्या ओसरीवर बसलेलं होतं.

तासाभरात कागद भरला. आणि काय दिसावं? आजी ज्या गावची, थोरली काकूही त्याच गावची. काकू म्हणजे आजीच्या भावाचीच पोरगी. आजीची सासूही तिकडचीच. सून जिकडून आली तिकडून बाण काढला, तर तीन पिढ्या बाणांची तोंडं एकाच दिशेला, त्या गावाकडून आमच्याकडे! उलटा बाण एक नाही. का, विचारलं तर आजी म्हणाली, “भावाची लेक सून करावी. पर दिल्या लेकीची लेक माघारी आणू नये. वेल उलटा फिरवायचा नसतो.” कर्व्यांनी मराठ्यांबद्दल नेमकं हेच टिपलंय: मामाची मुलगी चालते, आत्याची नाही. (सगळ्या जातींत असं नाही, काहींत दोन्ही चालतात. आजीला हे पटलं नाही.) चुलत आणि मावस मात्र भाऊ-बहीणच, तिथे विषयच नाही.

माझी आई गेवराईकडची, आमच्या नात्यातली अजिबात नाही. तरी सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्यांना ‘मामंजी’ म्हणत आली. लग्न परक्यात झालं, पण तोंडातली हाक अजून नात्यातल्या लग्नाचीच आहे!

आणि नात्यांचा असा पद्धतशीर अभ्यास करावा हे पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं, तर न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या एका वकिलाच्या. लुईस हेन्री मॉर्गन. शेजारचे इरोक्वॉय आदिवासी मावशीला आई आणि काकाला बाप म्हणतात हे बघून हा गडी चक्रावला. दोनशेच्या वर नात्यांची यादी छापून त्यानं जगभर पाठवली. दक्षिण हिंदुस्थानातल्या मिशनऱ्याकडून तमिळ नात्यांची उत्तरं आली, तर रचना जवळजवळ तीच! १८७१ साली त्याचा ग्रंथ निघाला. कायद्यालाही नाती चुकली नाहीत. आमचा हिंदू विवाह कायदा १९५५चा. तोसुद्धा आते-मामे भावंडांच्या लग्नाला मनाई करतो आणि लगेच पुस्ती जोडतो, रूढी असेल तर चालेल. म्हणजे कोर्टालाही शेवटी आजीलाच विचारावं लागणार.

आता डोळ्यांना सगळीकडे नातीच दिसायला लागलीत. अंबाजोगाईची योगेश्वरी घ्या. कोकणातल्या कितीतरी चित्पावन घराण्यांची ही कुलस्वामिनी. कुठे कोकण, कुठे आमचा बालाघाट! परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी कुमारिकाच राहिली, ही कथा इथल्या पोरासोरांना पाठ. आणि गंमत म्हणजे कर्व्यांनी मुंबईत समाजशास्त्रज्ञ घुर्यांच्या हाताखाली पहिला प्रबंध लिहिला तो चित्पावनांवरच.

या शोधात आमच्या भागातलं माजलगावही सापडलं! हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगाव फिरून बायांच्या तोंडून जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या जमवल्या. त्यांतल्या काही १९९६ साली माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रित झाल्यात. रात्री त्या कानाला लावून ऐकल्या. दळण, भाऊ, माहेर, सासर हा ओव्यांचा नेहमीचा संसार. पण या बाया त्यात बाबासाहेबांना आणतात, आणि आणतात ते घरचं माणूस म्हणून. रमाईही तशीच. रक्ताचा संबंध नाही, लग्नाचा नाही, तरी नातं पक्कं. माझ्या तक्त्यात या रेघेला खूणच नाही. कुठली काढू?

कोयत्याचं काय करायचं, तेही कळत नाही. ऊसतोडीला निघताना नवरा-बायको मिळून एक कोयता, एकट्या माणसाचा अर्धा. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर. मग पोरगा एकटा असेल तर दुसरा अर्धा जोडायला गाड्या भरायच्या आधी लग्न उरकायची घाई, आणि त्या घाईत पोरीचं वय कुणी मोजत नाही. वेल, भावाची लेक, सगळ्यांच्या पुढे कारखान्याचं धुराडं! हे वाचून-लिहून माझा उत्साह जरा अडखळतो, पण काढायचा तर तक्ता हाच, असंही वाटतं. टोळीत कोण कुणाचा साडू, कोण मेहुणा, कोणती जाऊ कुणाबरोबर खोप करते, हे सगळं मांडून बघायचं आहे. दसऱ्याच्या आत. ओळखीचा एक मुकादम तयारही झालाय. त्याला फक्त एवढंच उमगत नाही, की ऊस तोडायला जाणाऱ्या माणसांच्या आत्या-मावश्या मला कशाला पाहिजेत.