राजपुत्रांचं घंगाळ

पॅरिसला गेलेला प्रत्येक जण लूव्रमध्ये मोनालिसा पाहून येतो. आम्हीही पाहिली, म्हणजे तिच्यापुढे उंचावलेले शेकडो मोबाईल पाहिले. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

लूव्र हा मुळात किल्ला. राजा फिलिप ऑगस्टनं 1190 च्या सुमारास तो बांधायला घेतला. त्या जुन्या भिंती तळघरात आजही दिसतात. पुढे त्याचा राजवाडा झाला. चौदावा लुई 1682 मध्ये दरबार घेऊन व्हर्सायला गेला, आणि क्रांतीनंतर 10 ऑगस्ट 1793 रोजी राजांचा खजिना सामान्य माणसांसाठी खुला झाला.

आमची ओढ होती ती इस्लामी कलेच्या विभागाची. 2012 पासून तो व्हिस्कोंटी चौकात आहे. वरचं काच आणि सोनेरी जाळीचं छत वाऱ्यानं फुगलेल्या ओढणीसारखं दिसतं. त्याखाली एका काचेच्या पेटीत पितळेचं घंगाळ आहे, दीड-पावणेदोन फूट रुंद. चौदाव्या शतकात, ममलूक सुलतानांच्या काळात, मिसर किंवा शाममध्ये घडवलेलं. सोन्याचांदीचा जडाव इतका नाजूक, की आपलं बिदरी काम आठवावं. घोडेस्वार, शिकारी, अमीर, आणि आत तळाशी मासे. याच घंगाळात 1606 मध्ये तेराव्या लुईचा बाप्तिस्मा झाला! फ्रेंचांनी नंतर त्यावर आपलं राजचिन्हही कोरलं.

कारागिरानं मात्र सुलतानाचं नाव कुठंच घातलेलं नाही. स्वतःचं नाव सहा वेळा कोरलंय. काठाखाली लिहिलंय: अमल अल-मुअल्लिम मुहम्मद इब्न अल-झैन, गुफिर लहू. म्हणजे उस्ताद मुहम्मदचं काम, अल्लाह त्याला माफ करो. 'मुअल्लिम' वाचून आम्हा मास्तरांना उगाच बरं वाटलं.

आमच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला "सर, आपल्यात चित्र काढत नाहीत" म्हणून वही मिटणारी मुलं दरवर्षी भेटतात. त्यांचं म्हणणं आम्ही हसण्यावारी नेत नाही. उलेमांची ही चर्चा जुनी आहे. पण त्यातलाच एखादा हुशार मुलगा पुढे "आपल्या लोकांनी कला कुठं केली?" असंही विचारतो, तेव्हा आम्हाला उत्तर सुचत नसे. आता या घंगाळाचा फोटो वर्गात लावला आहे. मुलं त्यावर भांडतात, आणि भांडताना निरखून पाहतात.

अपोलो दालनात 140 कॅरटचा 'रीजंट' हिरा होता. हा आपल्या दख्खनचा, गोवळकोंड्याच्या खाणीतला. मद्रासचा इंग्रज गव्हर्नर थॉमस पिट यानं तो विकत घेतला आणि 1717 मध्ये फ्रान्सच्या रीजंटला विकला. पुढे तो नेपोलियनच्या तलवारीत बसला.

"अब्बू, म्हणजे चोरलेला नाही?" लेकीनं विचारलं.

"नाही, विकत घेतलेला."

तिचा थोडा विरसच झाला. उठसूट 'आमचं लुटलं' म्हणून सुस्कारे टाकणं आम्हाला पटत नाही. प्रत्येक वस्तूची कहाणी वेगळी असते. आमच्या भेटीनंतर, ऑक्टोबर 2025 मध्ये, याच दालनात दागिन्यांची मोठी चोरी झाली. रीजंट वाचला.

"आणि खाणीतून तो काढला कुणी?" तिनं पाटीवर नाव शोधलं. तिथं ते नव्हतं.

येत्या सुट्टीत गोवळकोंड्याला जायचं ठरलं आहे.