काळसर बुरश्या आणि काट्याची जखम

काळ्या रंगाच्या बुरश्या मातीत, कुजक्या लाकडात, भाताच्या पेंढ्यात आणि पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतींवर सर्वत्र आढळतात. त्यांचा काळा-तपकिरी रंग बाहेरून चिकटलेला नसतो. तंतूंच्या आणि बीजाणूंच्या भित्तिकेतच मेलॅनिन हे रंगद्रव्य असते. सूक्ष्मजीवशास्त्रात या गटाला ‘डिमॅटिएशियस’ बुरश्या म्हणतात. हे एक कूळ नव्हे. परस्परांशी लांबचेच नाते असलेल्या अनेक जाती केवळ रंगावरून एकत्र मोजल्या जातात. त्यांपैकी शंभराहून अधिक जातींमुळे माणसाला आजार झाल्याच्या नोंदी आहेत. घराच्या भिंतीवरच्या बुरशीने शिंका येतील, दमा उसळेल. पण ती शरीरात शिरून रुजल्याचे उदाहरण विरळच.

मेलॅनिन बुरशीला उन्हापासून वाचवते. तेच रंगद्रव्य शरीरात शिरल्यावर तिला पांढऱ्या पेशींच्या माऱ्यापासूनही वाचवते, कारण या पेशी सोडत असलेली जहाल ऑक्सिजन-संयुगे ते शोषून घेते. ‘एक्सोफियाला डर्माटिटिडिस’ या बुरशीचे मेलॅनिनरहित वाण उंदरांत कमी घातक ठरते, असे प्रयोगांतून दिसले आहे. भातावरच्या करप्याची बुरशीही मेलॅनिनच्याच बळावर पान भेदते. त्यावर फवारले जाणारे ट्रायसायक्लाझोल तिला थेट मारत नाही, फक्त मेलॅनिन तयार होऊ देत नाही, आणि तेवढ्याने तिचा पानात होणारा शिरकाव थांबतो.

माणसाच्या शरीरात या बुरश्या बहुधा जखमेतून जातात. बाभळीचा काटा, बांबूची कपची, उसाचे पाते, अनवाणी पायात गेलेले लाकूड एवढे पुरते. पुढे काय होते यावरून आजाराचे मुख्य प्रकार ठरतात.

पहिला प्रकार क्रोमोब्लास्टोमायकोसिस. ब्राझीलमध्ये माक्सिमिलियानो रुडॉल्फ यांनी १९१४ मध्ये त्याचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. ‘फोन्सेकिया पेड्रोसोई’ आणि ‘क्लॅडोफियालोफोरा कॅरिओनी’ या त्याच्या प्रमुख बुरश्या. ब्राझील आणि मादागास्करमध्ये तो अधिक दिसतो, तरी भारतातल्या पावसाळी पट्ट्यांतही तो आहे. घोट्याजवळ किंवा नडगीवर एक पुटकुळी येते, हळूहळू पसरते, खडबडीत होते. दुखत फारसे नाही, म्हणून कोणी दवाखाना गाठत नाही. मग त्वचेचा क्षयरोग, इसब, चामखीळ अशी निदाने होत वर्षे जातात.

प्रस्तुत लेखिका एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करत असताना त्वचारोग विभागाकडून आलेला एक शेतकरी तिच्या टेबलासमोर बसला होता. नडगीवर तळहाताएवढा जाड पट्टा. क्षयरोगाची औषधे घेऊन झाली होती, मलमे तर मोजण्यापलीकडची. जखमेबद्दल विचारल्यावर तो आधी नाहीच म्हणाला. काट्याचे नाव काढल्यावर मात्र म्हणाला, “काटा मोडला हुता, मॅडम. पर त्याला लय वरसं झाली.” पट्ट्यावर जागोजागी मिरीएवढेही नसलेले काळे ठिपके होते. हे ठिपके म्हणजे त्वचेने बाहेर ढकललेले, सुकलेले रक्त आणि बुरशी असते. खरवडायचे तर तिथेच. लेखिकेने पात्याच्या बोथट बाजूने ते काचपट्टीवर घेतले, त्यावर दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, वर झाकणकाच ठेवली आणि कातडीचा कचरा विरघळेपर्यंत वाट पाहिली. सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी, जाड भित्तिकेच्या गोल पेशी दिसल्या, काही एकेकट्या, काही आडव्या-उभ्या पडद्यांनी चार भागांत विभागलेल्या. तांब्याच्या नाण्यांसारख्या दिसणाऱ्या या पेशी एकदा नीट पाहिल्या की पुन्हा चुकत नाहीत. रंगही द्यावा लागत नाही. बुरशी स्वतःच रंगीत असते.

ही तपासणी अर्ध्या तासात होते, तिला खर्च जवळपास नाही, आणि तरीही ती केली जात नाही. प्रस्तुत लेखिकेला या विषयातली सर्वांत जाचणारी गोष्ट हीच वाटते. उशीर झाला तर पायाला कायमची सूज येते, सांधा आखडतो, फार जुन्या जखमेत कधी कर्करोगही होतो.

जातीचे नाव कळण्यासाठी कल्चर करावे लागते. सॅबुरो माध्यमावर पंचवीस ते तीस अंशांत नमुना ठेवतात आणि चार आठवडे टाकून देत नाहीत. आधी राखाडी-हिरवट मखमल दिसते. नळी उलटी धरली की खालची बाजू काळीकुट्ट असते. बीजाणू कसे धरले आहेत ते पाहून ओळख पटवतात, आणि तिथेही शंका उरली तर जनुकीय क्रम तपासतात.

दुसरा प्रकार मायसेटोमा. मदुराईत जॉन गिल यांनी १८४२ मध्ये त्याची नोंद केली, म्हणून ‘मदुरा फूट’. या आजाराचा पद्धतशीर अभ्यास मात्र मुंबईत झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शिकवणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी त्याला मायसेटोमा हे नाव दिले आणि १८७४ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. ‘ग्रेज अ‍ॅनॅटॉमी’ची चित्रे काढणारे कार्टर ते हेच. या आजारात पाऊल सुजते, त्याला तोंडे फुटतात आणि पुवातून कण बाहेर पडतात. काळे कण बुरशीचे असतात, बहुतेक वेळा ‘मॅड्युरेला मायसेटोमॅटिस’चे. पांढरे-पिवळे कण बुरशीचेही असू शकतात, पण पुष्कळदा ते, आणि लाल कण तर नेहमीच, जिवाणूंचे असतात, आणि जिवाणूंचा आजार प्रतिजैविकांनी बरा होतो. म्हणून पट्टीवर पडलेला कण धुऊन फेकू नये, प्रयोगशाळेत पाठवावा.

तिसऱ्या प्रकारात, फिओहायफोमायकोसिसमध्ये, ऊतींत काळसर तंतू सापडतात. त्याची व्याप्ती मोठी आहे. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाच्या कातडीखालची गाठ इथेच मोडते. मळणीच्या दिवसांत डोळ्यात कुसळ जाऊन बुबुळाला होणाऱ्या जखमेत ‘कर्व्हुलॅरिया’ सापडते; फ्युझेरियम आणि अ‍ॅस्परजिलस यांच्यानंतर भारतात तिचा क्रम लागतो. अशा डोळ्यात दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब टाकले तर आग थांबल्यासारखी वाटते आणि बुरशी आत पसरते. मग डोळ्यात फूल पडते ते कायमचे. अमेरिकेत २०१२ मध्ये दूषित स्टेरॉइड इंजेक्शनांमधून गवतावरची ‘एक्सेरोहायलम’ ही बुरशी पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचली. ७५० हून अधिक रुग्ण आणि ६४ मृत्यू झाले.

‘क्लॅडोफियालोफोरा बॅन्टियाना’ सरळ मेंदूत गळू करते, तेही अनेकदा धडधाकट माणसात. भारतातून तिचे बरेच रुग्ण नोंदले गेले आहेत. शस्त्रक्रिया आणि औषधे दोन्ही करूनही सुमारे ७० टक्के रुग्ण दगावतात. ती चाळीस अंशांतही वाढते. ओळखीसाठी ही खूण उपयोगी पडते. मेंदूतल्या पुवातून काळी वसाहत उगवली की नळी उघड्या टेबलावर उघडत नाहीत, सुरक्षा कक्षातच हाताळतात.

२०२१ मध्ये कोविडनंतर महाराष्ट्रात पसरलेली ‘काळी बुरशी’ या गटातली नव्हे. ती म्युकरमायकोसिस. म्युकरचे रुंद तंतू रंगहीन असतात. रक्तवाहिन्या बंद पडून मेलेली ऊती काळी दिसते. हा फरक औषधाच्या निवडीत मोलाचा आहे. म्युकरला अ‍ॅम्फोटेरिसिन लागते, व्होरिकोनाझोल त्यावर चालत नाही. मेलॅनिनवाल्या बुरश्यांवर मात्र इट्राकोनाझोल आणि व्होरिकोनाझोल यांचाच मुख्य आधार असतो.

क्रोमोब्लास्टोमायकोसिसमध्ये इट्राकोनाझोल रोज २०० ते ४०० मिलिग्रॅम, सहा महिने ते वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ द्यावे लागते. छोटा पट्टा शस्त्रक्रियेने काढता येतो किंवा द्रवरूप नायट्रोजनने गोठवता येतो. यातल्या पुष्कळ बुरश्यांना शरीराच्या तापमानाहून चार-पाच अंश जास्त उष्णता सोसत नाही, म्हणून काही ठिकाणी औषधांच्या जोडीला शेकही देतात. वरवर कातडी साफ झाली तरी गोळ्या थांबवायच्या नसतात. पुन्हा खरवडून पेशी दिसत नाहीत आणि कल्चर निर्जंतुक येते, तेव्हाच उपचार आटोपतात. त्या शेतकऱ्याचा पट्टाही आधी काठाने सपाट झाला, मग मधून. तपासणीला येताना तो दर खेपेस गोळ्यांची रिकामी पाकिटे पिशवीतून काढून दाखवत असे.