क्रोक पार्कमधली ती ३५ मिनिटं

आपला संघ हरायला लागला की घरात काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. कुणी जागा बदलून बसतं, कुणी टीव्हीचा आवाज बंद करतं, कुणी ‘मी आधीच म्हटलं होतं’ असं पुटपुटत स्वयंपाकघरात निघून जातं. १९ नोव्हेंबर २०२३च्या रात्री अहमदाबादचं भरलेलं स्टेडियम कसं गप्प झालं होतं, तेही तुम्ही विसरला नसाल. तशीच शांतता पोटात घेऊन जगणाऱ्या एका शहराची आज तुमच्याशी ओळख करून द्यायची आहे. शहराचं नाव कॉर्क, देश आयर्लंड आणि खेळ हर्लिंग.

आयर्लंड म्हटलं की आपल्याला मालवणजवळचं वराड गाव आठवतं. तिथले पंतप्रधान राहिलेले लिओ वराडकर यांच्या वडिलांचं ते गाव. पण त्या देशाचा जीव कशात अडकला आहे हे जाणून घ्यायचं असेल, तर जुलै महिन्यातल्या एका रविवारी डब्लिनला असायला हवं. त्या दिवशी तिथे हर्लिंगची अखिल आयर्लंड अंतिम लढत होते.

खेळ कसा असतो?

हर्लिंग पहिल्यांदा पाहाल तेव्हा हॉकी आठवेल, पण दोनच मिनिटांत तो विचार तुम्ही सोडून द्याल. इथे चेंडू जमिनीवर कमी आणि हवेतच जास्त असतो. हातात अॅश झाडाच्या लाकडाची काठी, तिला म्हणतात हर्ली. तिचं टोक उलथन्यासारखं रुंद आणि चपटं. खेळाडू त्या टोकावर चेंडू तोलत धावतो, हाताने झेलतो, उडवतो आणि पळता पळताच दूरवर टोलवतो. एका बाजूला १५ खेळाडू, सामना ७० मिनिटांचा. गोलखांब इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखे. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे ३ गुण. दांडीवरून गेला तर १ गुण. त्यामुळे ‘१-१८’ असा स्कोअर दिसला तर तो १ गोल आणि १८ गुण, म्हणजे एकूण २१ असा वाचायचा.

हा खेळ इतका जुना आहे की आयरिश पुराणकथांमधला वीर कू हुलिनसुद्धा लहानपणी काठी-चेंडू खेळतो. २०१८ मध्ये युनेस्कोने हर्लिंगला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं.

चला, क्रोक पार्कला

डब्लिनच्या मध्यवर्ती ओ’कॉनेल स्ट्रीटवरून उत्तरेकडे चालत निघा. अर्ध्या तासाच्या आतच विटांच्या बैठ्या घरांच्या ओळींमागून अचानक एक अवाढव्य स्टेडियम डोकं वर काढतं. हेच क्रोक पार्क. ८२ हजारांहून अधिक माणसं मावतात इथे. मुख्य स्टँडला होगन स्टँड म्हणतात. २१ नोव्हेंबर १९२० रोजी ब्रिटिश पोलीस दलाने इथे फुटबॉलचा सामना चालू असताना गोळीबार केला. त्यात १४ जणांचा बळी गेला. टिपरेरी संघाचा खेळाडू मायकल होगन त्यातलाच एक. स्टँडला त्याचंच नाव आहे. म्हणजे या मैदानाकडे आयरिश माणूस नुसतं खेळाची जागा म्हणून पाहत नाही.

अंतिम सामन्याच्या दिवशी दोन गोष्टी तुमच्या लक्षात येतील. पहिली, दोन्ही संघांचे चाहते एकमेकांना खेटून बसलेले असतात. मध्ये जाळी नाही, पोलिसांची रांग नाही. दुसरी, ही तिकिटं आपल्याकडच्यासारखी ऑनलाइन झडप घालून मिळत नाहीत. ती मुख्यतः जिल्हा मंडळांकडून गावोगावच्या क्लबांना जातात. म्हणजे तुमच्या शेजारी बसलेल्या माणसाने लहानपणी त्या क्लबमध्ये काठी धरलेली असते, किंवा त्याची मुलगी आज तिथल्या मुलांना शिकवत असते.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मैदानावरच्या खेळाडूंना पगार नसतो. कुणी शिक्षक, कुणी शेतकरी, कुणी विद्यार्थी. खेळाडूंचा लिलाव नाही, खरेदी-विक्री नाही. जिथे जन्मलात किंवा राहता, त्याच काउंटीसाठी खेळायचं. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समजा. रविवारी ८० हजारांसमोर खेळलेला मुलगा काही दिवसांतच पुन्हा वर्गात फळ्यासमोर उभा असू शकतो. पुढची गोष्ट वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

२० वर्षांची भूक

कॉर्क हे हर्लिंगमधलं मोठं घराणं. ३० वेळा अखिल आयर्लंड विजेते. पण शेवटचं विजेतेपद २००५चं. त्यानंतर २००६, २०१३, २०२१ अशा अंतिम लढती हरल्या. २०२४ मध्ये तर जादा वेळेत क्लेअरकडून अवघ्या १ गुणाने हार पत्करावी लागली. कॉर्कमध्ये एक अख्खी पिढी अशी वाढली, जिने चषक घरी आलेला पाहिलाच नव्हता.

मग आलं २०२५. कॉर्कने लीग जिंकली, मन्स्टर प्रांताचं विजेतेपद मिळवलं, उपांत्य सामन्यात डब्लिनवर ७ गोल चढवले. अंतिम फेरीत समोर टिपरेरी. दोन्ही काउंट्यांच्या सीमा एकमेकींना लागून, वैर शतकभराहून जुनं, तरी अंतिम फेरीत ते यापूर्वी कधीच भिडले नव्हते. त्या वर्षी कॉर्कने टिपरेरीला लीगच्या अंतिम सामन्यात हरवलं होतं आणि प्रांतिक स्पर्धेत तब्बल १५ गुणांनी लोळवलं होतं. आदल्या वर्षी तर टिपरेरीच्या घरच्या मैदानावर, थर्लसमध्ये, १८ गुणांनी. त्या वर्षी टिपरेरीला मन्स्टरमध्ये एकही सामना जिंकता आला नव्हता.

२० जुलै २०२५. क्रोक पार्क लाल-पांढऱ्या झेंड्यांनी भरून गेलं होतं. टिपरेरीचा निळा-सोनेरी रंग त्यात शोधावा लागत होता. विश्रांतीच्या ठोक्याला कॉर्कच्या शेन बॅरेटने गोल केला. स्कोअर झाला कॉर्क १-१६, टिपरेरी ०-१३. सहा गुणांची आघाडी. २० वर्षांचा दुष्काळ संपायला अजून फक्त ३५ मिनिटं.

त्या अर्ध्या डावात कॉर्कने किती गुण केले असतील? दोन. फक्त दोन.

टिपरेरीच्या जॉन मॅकग्राने गोल केला आणि आघाडी विरघळली. मग कॉर्कच्या बचावपटूला दुसरं पिवळं कार्ड मिळून बाहेर जावं लागलं आणि वर पेनल्टी. डॅरा मॅकार्थी या १९ वर्षांच्या पोराने ती जाळ्यात मारली. पाठोपाठ मॅकग्राचा आणखी एक गोल. कॉर्कलाही पेनल्टी मिळाली, ती टिपरेरीचा गोलरक्षक रिस शेलीने अडवली. शेवटी टिपरेरी ३-२७, कॉर्क १-१८. फरक १५ गुणांचा. कॉर्कने वसंतात टिपरेरीला ज्या फरकाने लोळवलं होतं, तेवढाच.

मॅकार्थीची गोष्ट तर मुलांना सांगावी अशी. त्याच वसंतातल्या कॉर्कविरुद्धच्या त्या सामन्यात त्याला खेळ सुरू होता होताच लाल कार्ड मिळालं होतं. उपांत्य सामन्यातही त्याला बाहेर काढलं होतं. अंतिम सामन्यात त्याने एकट्याने १-१३, म्हणजे १६ गुण केले.

हरताना माणसं काय करतात?

शेवटची शिट्टी वाजायच्या आधीच लाल जर्सीतली माणसं जिने उतरू लागली होती. आपण अशा वेळी पटकन म्हणतो, ‘हे कसले चाहते?’ पण थोडं थांबून विचार करा. शेजारच्याच खुर्चीवर शेजारच्याच काउंटीचा माणूस आनंदाने उड्या मारतो आहे, आणि समोर जो कोसळतो आहे तो टीव्हीवरचा कुणी करोडपती नसून तुमच्या मुलाचा शिक्षक किंवा मित्राचा भाऊ आहे. परक्या माणसाची फजिती आपण डोळे फाडून बघतो, घरच्या माणसाची बघवत नाही. जे उठले त्यांनाही तेच बघवत नव्हतं, आणि जे शेवटपर्यंत बसून राहिले त्यांनाही.

रागही आलाच. संघ असा कसा गळाठला, हा प्रश्न पुढचे कित्येक आठवडे सुटला नाही. दमले होते का? अपेक्षांचं ओझं झालं का? की टिपरेरीने विश्रांतीनंतर डाव बदलला आणि त्यावर उत्तरच सापडलं नाही? इथवर ठीक होतं. पण मोबाइलवरून अफवांनाही ऊत आला. विश्रांतीच्या वेळी ड्रेसिंग रूममध्ये म्हणे काहीतरी बिनसलं होतं! कॉर्ककडून ते साफ फेटाळलं गेलं. तरी फॉरवर्ड व्हायचे ते झालेच. पगारी खेळाडूलाही असं बोलणं लागतंच, पण तो निदान दुसऱ्या शहरात, उंच कुंपणाआड राहतो. इथला खेळाडू त्याच रस्त्यावर, त्याच दुकानात, त्याच लोकांसमोर उभा राहतो. त्याची आईही. एक बोट दाबून पुढे ढकललेला मेसेज कुणाच्या दारात जाऊन पडतो, हे कॉर्कसारख्या ठिकाणी चटकन कळतं. आपल्याकडे कळायला वेळ लागतो, एवढाच फरक.

प्रशिक्षक पॅट रायन यांनी काही आठवड्यांतच पद सोडलं. त्यांच्या जागी आले बेन ओ’कॉनर, २००४ मध्ये कॉर्कला चषक जिंकून देणारे कर्णधार. म्हणजे घर पुन्हा बांधायलाही घरचाच माणूस.

एकाच रेल्वेमार्गावरची दोन गावं

आता डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून कॉर्कची गाडी पकडा. गंमत अशी की थर्लस याच मार्गावर आहे. आधी जिंकलेल्यांचं गाव लागतं, मग हरलेल्यांचं शहर.

थर्लस छोटंसं गाव, पण हर्लिंगमध्ये त्याला पंढरीचा मान. इथल्या हेज हॉटेलात १ नोव्हेंबर १८८४ रोजी गेलिक अॅथलेटिक असोसिएशनची स्थापना झाली. गावातल्याच सेंपल स्टेडियममध्ये अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, हजारो लोक विजेत्यांच्या स्वागताला जमले. चषक हाती घेतलेला कर्णधार रोनन माहर याच गावच्या क्लबचा. पण या मैदानाने दुःखही पाहिलं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये क्लबचा सामना खेळताना टिपरेरीचा २४ वर्षांचा डिलन क्वर्क इथेच कोसळला आणि गेला. त्यामुळे टिपरेरीच्या आनंदालाही एक हळवी कड होती. कोसळणं म्हणजे खरं काय, हे या गावाला १५ गुणांच्या पलीकडे ठाऊक आहे.

गाडी पुढे कॉर्कला पोहोचते. इथे उतरून तोंड लांब केलेली माणसं शोधाल तर फसाल. कॉर्ककर स्वतःच्या शहरालाच देशाची खरी राजधानी म्हणतात, तेही अर्धं चेष्टेत आणि अर्धं मनापासून. १७८८ पासूनच्या इंग्लिश मार्केटमध्ये मासे, चीज, पाव यांचे गाळे पाहत फिरा. शँडनच्या चर्चमध्ये जिना चढून जा, तिथल्या घंटा पाहुण्यांनाही वाजवता येतात. आणि संध्याकाळी कुठल्याही क्लबच्या मैदानावर डोकवा. डोक्यावर हेल्मेट, स्वतःच्या कमरेएवढी काठी, आणि चेंडूमागे धावणारी चिल्लीपिल्ली दिसतील. त्यांना शिकवणारे बहुतेक जण कुणाचे तरी आईबाबाच, तेही विनामोबदला.

हर्लिंगमध्ये सहसा संघ बदलत नाहीत, ना खेळाडू ना चाहते. म्हणून इथे हरलेल्या संघाला टाकून देता येत नाही. दोन दिवस बोलायचं नाही, आठवडाभर भांडायचं आणि मग मुलांना सरावाला सोडायला जायचं. नातेवाइकांशी आपण वागतो, अगदी तसंच.

तुम्ही जाणार असाल तर

अंतिम सामन्याचं तिकीट मिळणं कठीण आहे, त्यावर सहल आखू नका. त्याऐवजी मे-जूनमध्ये थर्लस किंवा कॉर्कला मन्स्टर स्पर्धेतला सामना पाहा. तिकीट मिळण्याची शक्यता जास्त, वातावरण तितकंच तापलेलं. सामना नसेल तर क्रोक पार्कमधलं संग्रहालय आणि स्टेडियमच्या छतावरून होणारी फेरी मुलांना नक्की आवडेल. जुलै असला तरी पावसाळी जाकीट बरोबर ठेवा, तिथला पाऊस पंचांग बघून येत नाही.

आणि कॉर्कमध्ये कुणाशी गप्पा रंगल्या तर २०२५चा विषय खुशाल काढा, त्यांना बोलायला आवडतं. फक्त विश्रांतीचा स्कोअर तुम्ही सांगू नका. तो त्यांना पाठ आहे.